सर क्रीक सुटेल तेव्हा सुटेल, खलाशी आधी सोडवा

प्रश्न असा आलाय की पालघर-डहाणूकडचे खलाशी पाकिस्तानच्या जेलमध्ये वर्षानुवर्षं का अडकून पडतात, आपली नेव्ही आणि कोस्ट गार्ड तेव्हा काय करत असतात, आणि सर क्रीकचा वाद एकदाचा मिटवून टाकला तर हे सगळं थांबेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच बहुतेकांचं गणित चुकतं: नाही, थांबणार नाही. माझी नोकरी कोस्ट गार्डमधली, त्यातली बरीच वर्षं गुजरातच्या ओखा-जखाऊ बंदरांच्या बाजूला गेली, आणि रिटायर झाल्यावर आता इकडच्या पकडल्या गेलेल्या पोरांचे कागद लावायच्या कामात मदत करतो. त्यामुळे समुद्रातलं टोकही बघितलंय आणि पोलीस ठाण्यातल्या टेबलावरचंही, आणि माझं ठाम मत झालंय की हद्दीचा वाद आणि माणसांचा प्रश्न हे दोन वेगवेगळे विषय आहेत, ते मुद्दाम एकत्र बांधून ठेवलेत.

आधी सर क्रीकचं थोडक्यात. कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला, सिंध आणि कच्छच्या मधे साधारण ९६ किलोमीटरची खाडी आहे. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, वस्ती शून्य. आता गंमत बघा, या भांडणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आपल्या मुंबई सरकारचा आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता आणि कच्छ हे रावसाहेबांचं संस्थान, दोघांची खाडीच्या काठावरच्या जळाऊ लाकडावरून कुरबूर सुरू झाली असं सांगतात, आणि ती मिटवायला मुंबई सरकारने १९१४ साली ठराव केला. त्या ठरावाचा ९ वा परिच्छेद आणि जोडलेला नकाशा वाचला तर हद्द खाडीच्या पूर्व काठावरून जाते, म्हणजे अख्खी खाडी सिंधची. आणि लगेच पुढचा १० वा परिच्छेद म्हणतो की ही खाडी आपला मार्ग बदलत असते, म्हणून हद्द नाव चालते त्या पाण्याच्या मधोमध धरावी. पाकिस्तान ९ वा परिच्छेद दाखवतो, आपण १० वा दाखवतो, शिवाय १९२५ चा नकाशा आणि तेव्हा पाण्यात रोवलेले खांब दाखवतो. ते म्हणतात खाडीत नावच चालत नाही मग मधोमधचा नियम कसला, आपण म्हणतो भरतीला येऊन बघा चालते की नाही. शंभर वर्षांपूर्वी एका कारकुनाने (किंवा साहेबाने) दोन परिच्छेद नीट जुळवून घेतले असते तर काय बिघडलं असतं, पण असो.

१९६५ च्या एप्रिलमध्ये रणात चकमकी झाल्या, ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मध्यस्थी केली, ३० जूनला युद्धविराम झाला आणि हद्दीचा निवाडा तीन जणांच्या लवादाकडे गेला. अध्यक्ष स्वीडनचे, आपण सुचवलेले युगोस्लाव्हियाचे, पाकिस्तानने सुचवलेले इराणचे. फेब्रुवारी १९६८ मध्ये निकाल आला, त्यात रणाचा बहुतेक भाग आपल्याकडे राहिला पण पाकिस्तानने मागितलेल्यापैकी साधारण दहा टक्के भाग, कांजरकोट आणि छाड बेट वगैरे, त्यांना गेला. त्यावर आपल्याकडे प्रचंड गदारोळ झाला, आपले मधू लिमये या प्रकरणात सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, १९६९ मध्ये कोर्टाने सांगितलं की ही वादातली हद्द ठरवणं आहे, देशाची जमीन देऊन टाकणं नाही, त्यामुळे घटनादुरुस्तीची गरज नाही. हे एवढं का सांगतोय, तर आपल्याकडे पाकिस्तानच्या बाबतीत तिसऱ्याला मधे घ्यायचं नाही हा जो पक्का नियम झाला आणि १९७२ च्या सिमला करारात लिहिला गेला, त्यामागे अनुभव आहेत आणि हा त्यातला एक. आणि गंमत म्हणजे त्या लवादाने सर क्रीकला हातच लावला नव्हता, तेव्हा दोघांनाही तो भाग वादाचा वाटला नाही!

वाद पेटला तो समुद्राचे नवे नियम आल्यावर. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल समुद्रावर आर्थिक हक्क मिळायला लागले आणि खाडीचं तोंड कुठे धरायचं यावर पुढचा पंख्यासारखा पसरणारा समुद्र कोणाचा ते ठरायला लागलं. मासे, आणि कदाचित तेल-गॅस. २००७ च्या सुरुवातीला दोन्ही नौदलांनी मिळून सर्व्हे केला, नकाशे एकमेकांशी जुळले, तेव्हा सगळे म्हणायचे की दोन देशांमधला सगळ्यात सोपा वाद हाच, कधीही मिटेल. नाही मिटला. आपलं म्हणणं समुद्राच्या बाजूने रेषा आखत आत येऊ, त्यांचं म्हणणं आधी खाडी ठरवा मग समुद्राचं बोलू. २०१२ च्या जूनमध्ये दिल्लीत शेवटची फेरी झाली, त्यानंतर टेबलावर कोणी बसलं नाही. २०२५ च्या दसऱ्याला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी भुजमध्ये जाहीर सांगितलं की कराचीचा एक रस्ता या खाडीतून जातो हे पाकिस्तानने लक्षात ठेवावं. तर वातावरण हे असं आहे, इथे तोडग्याची वाट बघत बसायचं म्हणजे भिजत घोंगडं आणखी भिजत ठेवायचं.

आता मूळ मुद्दा. आपल्या बोटी सर क्रीकच्या आत पकडल्या जात नाहीत हो. खाडीच्या आत बीएसएफ असते, तिथे हरामी नाल्याच्या बाजूला सापडतात ते जास्त करून सिंधकडचे छोटे होडीवाले. आपल्या बोटी पकडल्या जातात बाहेर उघड्या समुद्रात, जखाऊ आणि ओख्याच्या समोर, बऱ्याचदा किनाऱ्यापासून इतक्या लांब की तिथून खाडीचं तोंडसुद्धा दिसत नाही. आपण जिला आयएमबीएल, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी हद्दीची रेषा, म्हणतो ती तिथे ठरलेली हद्द नाही, मानलेली रेषा आहे, आणि तिच्या अलीकडे पाच सागरी मैलांच्या पट्ट्यात मासेमारी करू नका असं कोस्ट गार्ड सांगत असतं. वायरलेसवर ओरडून ओरडून सांगतात, मी स्वतः सांगितलंय.

मग तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, तिकडे जातोच का? कारण मासा तिकडे आहे. सिंधू नदीच्या मुखाशी खारफुटी आहे, गाळ आहे, आणि आपल्या बाजूला सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळचा समुद्र ट्रॉलरने खरवडून काढलाय. पापलेट, घोळ, लाल परी, असा भारी भावाचा मासा मिळवायचा तर बोट वर सरकत सरकत जाते. एका फेरीत दोन-तीन आठवडे समुद्रात, डिझेल-बर्फ-रेशनचा खर्च लाखांत, रिकामी बोट घेऊन बंदरात गेलं तर शेठ, म्हणजे बोटीचा मालक, विचारणार. प्रत्येक बोटीवर जीपीएस असतो, त्यामुळे “आम्हाला कळलंच नाही” हे कोर्टात सांगायचं वाक्य आहे, खरं कधीकधीच असतं. इंजिन बंद पडून किंवा जाळ्यासकट वाहत जाणंही होतं, आणि पाकिस्तानची मेरीटाइम सिक्युरिटी एजन्सी आपल्या बाजूला घुसून बोटी ओढून नेते असंही होतं. सगळे प्रकार आहेत, एकच बाजू धरून बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पण यात आमच्या पालघर-डहाणू-तलासरीचा खलाशी कुठे आहे ते बघा. बोट पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ नाहीतर ओख्याची, शेठ तिथलाच, दिशा ठरवणार तांडेल. आमचा पोरगा बहुतेक वेळा आदिवासी पाड्यावरचा, पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा उचल घेतलेली असते, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की ट्रेन पकडून जातो आणि महिन्याच्या पगारावर जाळं ओढतो, मासे निवडतो, बर्फात भरतो. बोट रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे त्याला विचारायचा प्रश्नच येत नाही. ठरवणारा एक, कमावणारा दुसरा आणि जेलमध्ये जाणारा तिसराच. शेठ किनाऱ्यावर असतो, त्याची बोट जाते हे खरं, आणि पन्नास लाखांच्या घरातली बोट जाणं हा काही छोटा फटका नाही, पण तो घरी झोपतो.

नेव्ही काय करते, तर या कामासाठी नेव्ही नाहीच, आणि नसावी. मासेमारीच्या बोटीवरून दोन देशांच्या युद्धनौका समोरासमोर आल्या तर काय होईल याचा विचार करा. हे काम कोस्ट गार्डचं. पण समुद्र केवढा, बोटी हजारो, आणि पाकिस्तानची गस्तीची बोट येऊन पाच-सात बोटी पुढे घालून निघून जायला फार वेळ लागत नाही. वायरलेसवर हाक आली आणि आपलं जहाज जवळ असलं तर वाचवता येतं. १७ नोव्हेंबर २०२४ ला असंच झालं, ‘नुसरत’ नावाचं त्यांचं जहाज आपल्या सात जणांना उचलून निघालं होतं, आपल्या जहाजाने दोनेक तास पाठलाग करून अडवलं आणि सातही जण परत आणले, त्या सात जणांची बोट मात्र बुडाली. हा सुदैवाचा दिवस. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ नावाच्या बोटीवर त्यांच्या लोकांनी गोळीबार केला, त्यात वडराईचा, म्हणजे आपल्या पालघर तालुक्यातला खलाशी गेला. पोरबंदरच्या पोलिसांनी त्यांच्या दहा जणांवर गुन्हा दाखल केला, दिल्लीने निषेध नोंदवला. पुढे काय व्हायचं ते तुम्हीच समजा.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांना बोललेली आवडत नाही पण बोलतो. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा अतिरेकी मुंबईत आले ते पोरबंदरची ‘कुबेर’ बोट पळवून आले, बोटीवरच्या खलाशांना मारलं, शेवटी तांडेललाही मारलं, आणि बधवार पार्कच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यानंतर मच्छीमार म्हणजे फक्त मच्छीमार राहिलाच नाही. बायोमेट्रिक कार्ड, बंदरातून निघताना टोकन, बोटीला ठरावीक रंग, हे सगळं त्यातून आलं आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा दुसरा परिणाम असा की त्यांच्याकडचा कोणी इकडे सापडला तर आपल्या एजन्सी आठवडेच्या आठवडे चौकशी करतात, आणि आपला तिकडे सापडला तर त्यांच्या एजन्सी तेच करतात. चौकशीतून बाहेर पडतो तो बहुतेक वेळा पापलेटच्या मागे गेलेला माणूसच निघतो, दोन्ही बाजूंना.

पकडल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण खरं घोडं इथेच पेंड खातं. कराचीला नेतात, डॉक्स पोलीस ठाण्यात गुन्हा, परवानगीशिवाय आल्याचा आणि परवान्याशिवाय मासे पकडल्याचा, कोर्ट काही महिन्यांची शिक्षा देतं आणि रवानगी मालीर जेलमध्ये. ही शिक्षा लहान असते आणि ती कधीच संपून जाते. वर्षं जातात ती शिक्षा संपल्यानंतर. कागदावर बघाल तर नियम चांगला आहे: २१ मे २००८ चा दोन देशांचा करार आहे, त्यात अटकेपासून तीन महिन्यांच्या आत वकिलातीच्या माणसाला कैद्याला भेटू द्यायचं, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री झाली की एका महिन्यात सोडायचं, असं स्पष्ट लिहिलंय. त्याच करारामुळे दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. आणि ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते, एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम झालं, सिंधू करार स्थगित झाला, अटारी बंद झालं, मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं, आणि तरी १ जुलै २०२५ ला याद्या वेळेवर दिल्या-घेतल्या गेल्या. त्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात आपले १९३ मच्छीमार आणि ५३ इतर कैदी होते, आपल्याकडे त्यांचे ८१ मच्छीमार आणि ३८२ इतर. म्हणजे यंत्रणा मेलेली नाहीये. यादी येते, माणूस येत नाही, एवढंच.

का येत नाही? एक कारण राजकारण. आपल्या माणसांना सोडणं हा तिकडे नियम नाही, ‘सदिच्छा’ आहे, आणि ती नळासारखी चालू-बंद होते. मे २०१४ मध्ये नवाज शरीफ मोदींच्या शपथविधीला येणार म्हणून दीडशेच्या आसपास सुटले. फेब्रुवारी २०१९ ला बालाकोट झालं आणि एप्रिलमध्ये ३६० जण सुटले. मे २०२३ मध्ये बिलावल भुट्टो शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला आपल्या गोव्यात आले, बैठकीत दोन्ही बाजूंनी यथेच्छ तोंडसुख घेतलं, आणि त्याच महिन्यात १९८ जण सुटले, जूनमध्ये आणखी २००, नोव्हेंबरमध्ये ८०. मग २०२५ च्या फेब्रुवारीत फक्त २२. २०१४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत २,६३९ मच्छीमार परत आले असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलंय, आकडा मोठा आहे, पण प्रत्येकाचं कॅलेंडर त्याच्या शिक्षेने नाही तर इस्लामाबाद-दिल्लीच्या मूडने ठरलं.

आपणही यात अगदी धुतल्या तांदळासारखे नाही. सिंधकडचा मच्छीमार आपल्याकडे भुजला किंवा दुसऱ्या जेलमध्ये शिक्षा संपूनही बसलेला असतो, कारण त्याचा देश त्याच्या नागरिकत्वाची खात्री वेळेवर देत नाही आणि आपल्यालाही घाई नसते. तिकडच्या अधिकाऱ्याच्या मनात हिशेब असतो की आपले इतके त्यांच्याकडे आहेत तोवर यांचे इतके ठेवू. कोणी बोलून दाखवत नाही, पण याद्या आणि सुटकेचे आकडे शेजारी ठेवून बघा.

खरं तर आंतरराष्ट्रीय कायदा इथे बराच सरळ आहे. समुद्र कायद्याच्या करारावर दोघांनी सह्या केल्यात आणि दोघांनी तो मंजूरही केलाय, त्याचं ७३ वं कलम म्हणतं की आर्थिक क्षेत्रात परक्या बोटीने मासेमारीचा नियम मोडला तर जामीन भरून बोट आणि माणसं लगेच सोडायची, आणि दोन देशांनी तसं ठरवलेलं नसेल तर शिक्षेत तुरुंगवास नकोच. आपल्या १९८१ च्या परदेशी बोटींच्या कायद्यातही तेच आहे, १२ मैलांच्या आत सापडला तर तुरुंग, त्याच्या बाहेर फक्त दंड. पण प्रत्यक्षात पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, म्हणून परदेशी नागरिकांचा कायदा लावतात आणि ते कलम बाजूला राहतं. शिवाय हद्दच ठरलेली नाही म्हटल्यावर हे कोणाचं आर्थिक क्षेत्र इथूनच वाद सुरू होतो.

“मग बघा, हद्द ठरवली की झालं ना” असं म्हणाल. म्हणूनच श्रीलंका आणि बांगलादेशकडे बघायला सांगतो. श्रीलंकेबरोबर आपली समुद्री हद्द १९७४ आणि १९७६ च्या करारांनी पक्की झालीये, कचाथीवू बेट त्यांच्याकडे गेलं, रेषा एकदम स्वच्छ. तरी रामेश्वरमच्या बोटी दरवर्षी पकडल्या जातात, कारण मासा रेषेच्या पलीकडे आहे आणि तळ खरवडणारं ट्रॉलिंग श्रीलंकेने २०१७ मध्ये कायद्याने बंद केलंय. रेषेने पोट भरत नाही. फरक एवढाच की तिथे माणसं तुलनेनं लवकर घरी येतात, बोटी जातात. आणि बांगलादेशबरोबर तर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निकाल दिला, वादातल्या साधारण २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ त्यांना मिळाले, आपण निमूट मान्य केलं (तिसरा मधे नको हा नियम सगळ्यांना सारखा नाही हे यातून कळतं). तरी तिथेही बोटी पकडल्या जातातच.

पण बांगलादेशचा जो प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जानेवारी २०२५ चा. शेख हसीना जाऊन पाच महिने झाले होते, दोन्ही देशांचे संबंध एकदम ताणलेले, टीव्हीवर रोज भडका, आणि तेव्हा दोन्ही कोस्ट गार्डची जहाजं समुद्रात हद्दीवर भेटली, त्यांचे ९० आपण दिले, आपले ९५ घेतले, बोटीही दिल्या-घेतल्या. संपलं. ना शिखर परिषद, ना फोटो काढायला मंत्री. आता याच्याशी कराचीचा प्रवास ताडून बघा. ओख्यासमोर पकडलेला माणूस मालीरहून ट्रेनने लाहोर, तिथून वाघा, मग अमृतसर, मग ट्रेनने बडोदा, तिथून बसने वेरावळ, आणि आमचा असेल तर पुढे पालघर. जिथून उचलला तिथे समुद्रातून सोडला असता तर काही तासांचं काम. आमच्या कोस्ट गार्डचा आणि पाकिस्तानच्या मेरीटाइम एजन्सीचा २००५ पासूनचा करार आहे, हॉटलाइन आहे, वादळात हरवलेल्या बोटींसाठी ती वापरलीही जाते. माणसं देण्या-घेण्यासाठी वापरायला कुठल्याही खाडीचा नकाशा लागत नाही.

म्हणून दिल्लीकडे काही मागायचंच असेल तर सर क्रीकचा तोडगा मागू नका. मागायचं ते हे की दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची जी कैद्यांसाठीची समिती २००७ ला ठरली आणि २०१३ नंतर बसलीच नाही ती परत बसवा. ते न्यायाधीश जेलमध्ये जाऊन कैद्यांना भेटायचे, शिक्षा संपलेल्यांची, आजारी माणसांची नावं पुढे काढायचे, चांगलं काम होतं. दुसरं म्हणजे नुसती मासेमारी केलेल्या बोटीला अटक न करता हाकलून द्यायचं, वारंवार करणाऱ्याला दंड, एवढं दोन्ही कोस्ट गार्डनी आपसात ठरवावं. हे होईल का, तर आत्ता लगेच नाही. २०१९ पासून दोन्हीकडे उच्चायुक्तच नाहीत, २०२५ च्या एप्रिलनंतर वकिलातीतली माणसंही ५५ वरून ३० वर आणलीत, त्यातल्या कोणी कराचीला जाऊन मालीरमधल्या दोनशे लोकांना भेटायचं? पण यादी चालू राहिली तशी ही दोन कामं चालू राहू शकतात, कारण यात कोणाला एक इंचही सोडावा लागत नाही.

आपल्या हातातलं एक म्हणजे ट्रान्सपाँडर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच पंतप्रधानांनी वाढवण बंदराची पायाभरणी केली तेव्हा एक लाख बोटींवर ही यंत्रं बसवायची योजना सुरू झाली, इस्रोच्या उपग्रहावर चालतात, हद्द जवळ आली की तांडेलला इशारा येतो, संकटात मेसेज पाठवता येतो. यंत्र चांगलं आहे. पण भारी मासा मिळतो त्या जागेवर यंत्र बंद करायची युक्तीही तांडेल लोकांना लगेच सापडते, तेव्हा ते बंद का पडलं होतं हे बोट परत आल्यावर शेठला विचारलं गेलं पाहिजे, खलाशाला नाही.

आणि आता घरच्यांसाठी, कारण सगळ्यात जास्त वेळ मी यातच घालवतो. नागरिकत्वाची खात्री म्हणजे काय होतं? इस्लामाबादहून नाव परराष्ट्र मंत्रालयाकडे येतं, तिथून गृह खातं, मग राज्य, मग जिल्ह्याचे एसपी, मग तुमचं पोलीस ठाणं, आणि मग हवालदार पाड्यावर येतो. नाव कराचीत कोणीतरी ऐकून उर्दूत लिहिलेलं असतं, मग ते इंग्रजीत होतं, आपल्याकडे येईपर्यंत आडनाव गायब, बापाचं नाव आडनावाच्या जागी, गावाच्या जागी नुसतं “महाराष्ट्र” नाहीतर बोट गुजरातची म्हणून थेट “गुजरात”. मग ती फाइल वेरावळला जाते, तिथले म्हणतात हा आमच्याकडचा नाही, परत वर. एका गावात त्याच नावाचे चौघं असतात, आणि हवालदाराला पाडा कुठला ते माहीत नसतं. यात महिने जातात, आणि यासाठी पाकिस्तानला शिव्या देऊन उपयोग नाही.

त्यामुळे पकडल्याची बातमी आली की शेठच्या फोनची वाट बघू नका, तो फोन कधीकधी येतच नाही. त्याच दिवशी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्यात आधारवर आहे तसंच नाव, वडिलांचं नाव, पाड्यासकट पत्ता, अंगावरची खूण, आधार, रेशन कार्ड आणि शाळेचा दाखला यांच्या झेरॉक्स, आणि पोच घ्या. एक प्रत पालघरच्या मत्स्यव्यवसाय सहाय्यक आयुक्तांच्या ऑफिसला, एक आपल्या मच्छीमार सोसायटीला. जेलमधून पत्र आलं तर पाकिटासकट जपून ठेवा, त्याच्यावर बरॅक नंबर असतो आणि तो फार कामाला येतो. मदतीच्या योजना प्रत्येक राज्याच्या वेगळ्या आहेत, बोट एका राज्याची आणि माणूस दुसऱ्या राज्याचा असला की दोन्हीकडून टोलवाटोलवी होते, म्हणून अर्ज दोन्हीकडे करा. आणि सगळ्यात आधीचं म्हणजे पोरगा सीझनला घरातून निघतो तेव्हाच, शेठच्या नंबरबरोबर बोटीचा रजिस्ट्रेशन नंबरही भिंतीवर लिहून ठेवा, आयएनडी-जीजेपासून सुरू होणारा पूर्ण नंबर, कारण बंदराच्या टोकनच्या नोंदीत माणूस त्या नंबरखालीच सापडतो.